दारासमोर थांबलेला ट्रॅक्टर

१

सकाळी चहा उकळेपर्यंत मी ट्रॅक्टर फिरवून आणतो. खरा नाही. खरा ट्रॅक्टर दारात असता तर ही असली कामं कशाला केली असती. मोबाईलमधला.

'शिवारराजा' नावाचा खेळ आहे, पुण्याच्या एका कंपनीनं काढलेला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायच्या, फडातनं ऊस भरायचा आणि कारखान्यावर नेऊन ओतायचा. मग परत फड. एवढ्यासाठी माणसं तासन् तास मोबाईलला चिकटलेली असतात, त्यात दिवसभर खरा ट्रॅक्टर चालवून आलेलीही असतात. आता काय बोलावं?

या खेळात फडापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेत एक वाडी लागते. वाडीतल्या घरांच्या भिंतींवर जाहिराती असतात. पाइपच्या, पत्र्याच्या, कपाशीच्या बियाण्याच्या, सरकी पेंडीच्या. त्या भिंती विकायचं काम माझं. मी शेवगावात राहतो. इथल्या आणि आसपासच्या दुकानदारांना गाठायचं, त्यांना पटवायचं की बाबांनो, पोरं आता रस्त्यावरचा फ्लेक्स बघत नाहीत, मान खाली घालून मोबाईल बघतात, तर तुमचं नाव तिथं पाहिजे. आधी मी खऱ्या भिंती रंगवायचो. फ्लेक्स आला आणि माझे ब्रश डब्यात वाळून गेले. आता फ्लेक्सचंही तेच होणार असेल तर होऊ दे, मला त्याचं दुःख नाही.

दुकानदाराला पुरावा लागतो. सुनीलशेठ म्हणून आमचे पाइपवाले आहेत, ते तर सरळ म्हणाले, "अजिनाथ, भिंत तुझ्या मोबाईलात, पैसा माझ्या गल्ल्यातला. मला रोज दिसली पाहिजे." म्हणून रोज सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन त्या वाडीतनं जातो, प्रत्येक भिंतीसमोर थांबतो, स्क्रीनवरचा फोटो काढतो आणि ज्याचा त्याला पाठवतो.

खाली उतरता येत नाही. तसं बटणच नाही या खेळात. स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन चालू-बंद आणि हॉर्न. उतरून करायचंय काय, असं मला तेव्हा वाटायचं.

२

खेळातली वाडी म्हणजे आमचीच वाडी. शेवगावापासून गाडीवर अर्ध्या तासावर. कंपनीला खऱ्या घरांचे फोटो पाहिजे होते, आणि मला दुसरीकडं जाऊन लोकांच्या पाया पडायचा कंटाळा होता.

आमची निम्मी वाडी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते. बायका, लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळं ट्रॉलीत घालून. मागं राहतात कुलपं. फोटोला अशी घरं फार सोयीची. समोर बाज नाही, वाळवण नाही, कुणी "आमची भिंत कशापायी?" म्हणून भांडायला येत नाही. तरी मी फोन करून विचारलं. सहादेव आमचा शेजारी, तो कोल्हापूरकडच्या फडात होता. म्हणाला, "घे की. भिंत काय झिजतीय व्हय?"

म्हणून खेळातली सगळी घरं कुलूपबंद. आमचं घर तेवढं मी घेतलं नाही. तिथं आई राहते, दार कायम उघडं, भिंतीला शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या. त्या गोवऱ्यांवर कोण पाइपची जाहिरात लावणार? खेळात आमच्या घराच्या जागी कंपनीनं नुसती बाभळ लावली.

आई, म्हणजे कडूबाई, सगळ्या वाडीच्या चाव्या सांभाळते. ही आमच्या वाडीची जुनी रीत. ऊसतोडीला निघताना प्रत्येक घरची बाई चावी आणून आईच्या हातात देणार. आई ती दाराशेजारच्या खिळ्याला अडकवणार. आवस आली की एकेक घर उघडायचं, झाडायचं, उंबऱ्यावर दिवा ठेवायचा, परत कुलूप. का, तर बंद घर माणसाला विसरतं म्हणे. एकदा का विसरलं की माणूस परत आला तरी घर त्याला ओळखत नाही, मग त्या घरात भांडणं लागतात, दुखणी येतात. आईचं म्हणणं.

याच चाव्यांपायी ती शेवगावात माझ्याकडं येत नव्हती. मी म्हणून म्हणून थकलो. बाप गेल्यावर ती एकटीच, गुडघे दुखतात, एका डोळ्याला पडदा आलेला. माझी बायको निकिता तिला दर फोनला म्हणायची, "आत्या, या की आता. इथं काय कमी हाय?" आईचं उत्तर ठरलेलं. "लोकांची घरं कुणाच्या जिवावर सोडू?"

पौषात एकदा मी वाडीला गेलो तेव्हा तिला हौसेनं खेळ दाखवला. ती चष्मा लावून, मोबाईल नाकाशी धरून बघत राहिली. सहादेवचं घर ओळखलं. छबूबाईचं, निंबाआडचं लहान घर, तेही ओळखलं.

"आन् माझं रं?"

"तुझं नाही घेतलं. तुझ्या घराला कुलूप नाही ना."

तिनं परत सगळी घरं नजरेखालून घातली. मग म्हणाली, "सगळी बंदच हायती की. हितल्या चाव्या कुनाकडं असत्यात?"

मला हसू आलं. म्हणालो, "आये, चित्रं आहेत ती. त्यांना कशाच्या चाव्या?"

"चित्र का असंना. घर तर सहादेवचं हाय न्हवं?" ती म्हणाली आणि मोबाईल पदरानं पुसून मला परत दिला.

३

त्यानंतरची आवस झाली आणि एका सकाळी सहादेवच्या दाराला कुलूप नव्हतं.

खेळातल्या. मी ट्रॅक्टर थांबवून फोटो काढला, सुनीलशेठला पाठवला आणि पुढं गेलो. दोन भिंती झाल्यावर डोक्यात आलं की काहीतरी वेगळं होतं. वळवून परत आलो. कडी खाली लोंबत होती. हिरवं दार, त्याला मधोमध काळी फट.

आदल्या दिवशीचा फोटो काढून बघितला. त्यात कुलूप होतं, चांगलं पितळी.

कंपनीत मोनिका मॅडम म्हणून आहेत, त्या आमचं काम बघतात. बोलायला चांगल्या, पण माणसाला लहान लेकरू समजून समजावतात. त्यांना फोन केला.

"दादा, ते घर म्हणजे तुम्हीच काढलेला फोटो आहे ना? भिंत, दार, कडी, कुलूप, सगळं मिळून एकच चित्र आहे. त्यातून नुसतं कुलूप कसं जाईल?"

"गेलंय म्हणून तर फोन केलाय."

"माझ्याकडे कुलूप दिसतंय बघा. अॅप काढून परत टाका."

मी काढून परत टाकलं. ट्रॅक्टर घेऊन पुन्हा गेलो. कुलूप नव्हतंच, आणि आता उंबऱ्यावर एक दिवा होता. साधी पणती. या खेळात कायम दुपारचे चार वाजलेले असतात, पिवळं ऊन असतं, त्या उन्हात पणतीची वात काही उठून दिसत नव्हती, पण होती.

हा फोटोही पाठवला, तर सुनीलशेठचा उलट फोन आला. "दार उघडं ठेवून दिवा लावला, हे बेस केलं. घर भरलेलं वाटतं. जाहिरातीला शोभा आली." मी बरं म्हणालो. कंपनीतल्या कुणीतरी पोरानं गंमत केली असेल आणि मॅडमला सांगितलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. मोठ्या कंपनीत उजव्या हाताचं डाव्याला कळत नसतं.

४

तरी मी त्याच दिवशी वाडीला गेलो. कशाला गेलो ते विचाराल तर सांगता येणार नाही. निकिताला सांगितलं की आईला डोळ्याचं औषध द्यायचंय.

सकाळच होती अजून. आई ओट्यावर बसली होती, पाय पसरून, दमलेली. शेजारी खराटा.

"कुठं गेली होतीस?"

"सहादेवचं झाडून आले. लई धूळ रं. किती दिस कुनी शिरलंच न्हवतं."

सहादेवचं घर आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडं. मी तसाच गेलो. पितळी कुलूप जागच्या जागी होतं. चावीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, वाळून खडक झालेलं. ते फोडल्याशिवाय चावी आत जाणं शक्य नाही. दारावर वरपासून खालपर्यंत कोळ्याचं जाळं, एक धागा तुटलेला नाही.

परत येऊन मी आईला म्हणालो, "आये, त्या कुलपात तर माशीनं घर केलंय."

"हितल्या व्हय," ती म्हणाली. "ते करीन मागनं. आधी तिकडचं उरकते. तिकडं कुनीच न्हाई बघायला."

"तिकडं कुठं?"

"तूच दावलंस की."

म्हातारं माणूस, एकटं राहतं, दिवसभर कुणाशी बोलणं नाही. ऐकलेलं-बघितलेलं डोक्यात कालवतं. तालुक्याच्या डॉक्टरनंही मागं म्हणून ठेवलं होतं की आता असं होत जाईल. हे मला पटलं. पण ते पटत असताना माझी नजर ओट्यावर गेली. ऊन पूर्वेचं होतं. माझी सावली घराच्या भिंतीवर पडलेली. आईची सावली पुढं अंगणात पडली होती, लांबलचक, दुपारी चार वाजता पडते तशी.

मी जागा बदलून बघितली. मग मनाशी म्हणालो, कुठल्या झाडाची असेल, पत्र्यावरून ऊन परतलं असेल. तिच्या हातात औषध दिलं, चहा पिला आणि निघालो. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

जाताना मागं तिच्या झाडण्याचा आवाज येत होता. तिची झाडायची एक पद्धत आहे. दोन लांब फटकारे, मग खराटा बुडानं जमिनीवर टेकून आपटायचा, म्हणजे काड्या सारख्या होतात. लहानपणी आम्हाला त्या आवाजानंच जाग यायची.

५

पुढं एकेक कुलूप जात राहिलं. रोज नाही, दोन-चार दिवसांआड. कुलूप गेलं की दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर दिवा. दुकानदार खूश होते. एकानं तर विचारलं, माझ्या भिंतीपुढं दिवा कधी लावताय.

मी मोनिका मॅडमना परत फोन केला नाही. काय सांगायचं होतं? माझी आई तुमच्या खेळात झाडलोट करते म्हणून? मी रोज फोटो काढत होतो, पाठवत होतो, मिसरी लावत होतो, बाजार करत होतो. माणूस कशालाही सरावतो, हे काही खोटं नाही.

एकदा मात्र निकितानं मोबाईल मागितला, तेव्हा मी तिला सगळं दाखवलं. ती बराच वेळ बघून म्हणाली, "मला काही कळत नाही यातलं. पण आत्यांना घेऊन या. आजच्या आज नको म्हणत असतील तर तारीख ठरवून घ्या."

मी फोन लावला. या वेळी आईनं आढेवेढे घेतले नाहीत. आवाज थकलेला होता.

"येते. ह्या आइतवारी ने मला. छबूचं एक राह्यलंय, तेवडं झालं की मी मोकळी."

"ते राहू दे. मी उद्याच येतो."

"एक घर अंधारात ठिवून कशी येऊ? तीच माझी लई जवळची. आइतवारी ये."

छबूबाई म्हणजे तिची मैत्रीण, अर्ध्या जन्माची. छबूबाईच्या घराची भिंत कधी विकली गेली नव्हती. लहान, निंबाच्या आड, वळणावर. ट्रॅक्टरवाल्याला ती दिसायच्या आतच मागं पडते.

मी निकिताला म्हणालो, येते म्हणाली रविवारी. निकितानं त्याच दुपारी आतल्या खोलीतली पेटी हलवून आईच्या बाजेला जागा केली. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं.

६

शनिवारी सकाळी खेळ उघडेना. 'नवीन आवृत्ती येत आहे' म्हणून एक पट्टी सरकत राहिली. चहा निवला, तरी सरकतच होती. शेवटी उघडला. मी वाडीत शिरलो आणि ब्रेक दाबला.

सगळी दारं सारखी झाली होती. हिरवं दार, पितळी कुलूप. सहादेवचं दार सगळ्या घरांना. दिवे नव्हते.

मॅडमना फोन लावला. त्या उत्साहात होत्या. "बघितलंत का? गेम फार जड झाला होता दादा, स्वस्तातल्या मोबाईलवर चालत नव्हता. म्हणून एकच दार सगळ्यांना लावलं. तुमचं तेही कुलपाचं कोडं सुटलं ना?"

"छबूबाईचं? निंबाआडचं?"

"सगळ्यांना, दादा."

आईचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी गाडी काढली.

घर उघडं होतं. चुलीत कोमट राख, भाकरी टोपलीत झाकलेली. फोन चार्जिंगला लावलेला, त्यावर माझेच फोन आलेले दिसत होते. नवी लुगडी एका पिशवीत घालून पिशवी दाराशी ठेवलेली, रविवारची तयारी. चाव्या खिळ्याला. चपला ओट्याखाली. खराटा नव्हता.

मी हाका मारल्या. विहिरीत बघितलं, गोठ्यात बघितलं, छगन म्हणून आमचा भाऊकीतला एक आहे, त्याला घेऊन ओढ्यापर्यंत जाऊन आलो. मग खिळ्यावरनं चाव्या काढल्या आणि छबूबाईचं कुलूप उघडलं. आत भुईवर बोटभर धूळ होती. त्या धुळीवर उंदरांची पावलं होती, माणसाचं एकही नव्हतं. छगन म्हणाला, "हितं कशाला बघतू? बंद घरात कशी असंल?"

मी म्हणालो, बरोबर आहे.

७

छगन माणसं गोळा करायला गेला. मी छबूबाईच्या ओट्यावर बसलो. ऊन चांगलंच वर आलं होतं. चाव्यांचा जुडगा हातात होता तो बाजूला ठेवला आणि खेळ उघडला.

ट्रॅक्टर फडात उभा असतो सुरुवातीला. ट्रॉल्या न जोडताच निघालो. कारखान्याच्या रस्त्याला लागलो, वाडीत शिरलो, सहादेवचं घर मागं टाकलं, बाभळ मागं टाकली. वळणावर निंबाआड थांबलो. छबूबाईची कोरी भिंत, हिरवं दार, कुलूप. मी इंजिन बंद केलं.

इंजिन बंद केल्यावर या खेळात काय ऐकू येतं ते मला माहीतच नव्हतं. बंद करायची वेळच आली नव्हती. एक पाखरू ओरडतं, थांबतं, पुन्हा तसंच ओरडतं. वाऱ्याचा आवाज. मी मोबाईल कानाला लावला.

दोन लांब फटकारे. मग खराटा आपटल्याचा आवाज.

मी मान वळवून मागच्या खऱ्या घराकडं बघितलं. दार मीच उघडं टाकलं होतं. आत धूळ होती, शांत होती. आवाज मोबाईलमधनं येत होता.

मी ओरडलो, "आये." दोनदा-तीनदा ओरडलो. झाडणं चालूच राहिलं. मग मला हॉर्न आठवला. दाबला.

झाडायचं थांबलं. पावलं दाराजवळ आली. चित्रातलं दार हललं नाही, ते हलणारं दारच नव्हतं, पण खालच्या फटीत उजेड होता आणि त्या उजेडात मधोमध काहीतरी येऊन थांबलं, दोन पाय थांबावेत तसं.

"कोन हाय?" आई म्हणाली. "ट्याक्टरवाला का? आरं बाबा, भाईरनं कुनीतरी कुलूप घातलंय. मी आत हाय ते बगितलंच न्हाई वाटतं."

मी हॉर्न दाबला.

"माज्या घरात दाराशेजारी खिळा हाय, त्याला चाव्या हायती. छबूची, लाल दोऱ्याची. तेवडी आनून दे. माजं पोरगं यायचंय उद्या न्यायला, त्येला घर रिकामं दिसंल."

लाल दोऱ्याची चावी माझ्या मांडीशेजारी पडलेली होती. मी ती उचलली. एका हातात मोबाईल, एका हातात चावी, असा किती वेळ बसलो ते कळलं नाही. छगन माणसं घेऊन आला तेव्हा त्यांनी मला तसाच बघितला. छगन बाकीच्यांना हळू आवाजात म्हणाला, धक्का बसलाय, बोलू नका त्याच्याशी.

८

पोलिसांत तक्रार दिली. फोटो दिला. ते चांगलं बोलले, म्हणाले, या वयात माणसं निघून जातात, कुणी ना कुणी आणून सोडतं. नातेवाइकांना फोन झाले. निकिता रडली. मी नाही रडलो, अजून नाही. आत सगळं बधिर आहे, दात काढायला सुई दिल्यावर गाल होतो तसं.

मॅडमना मी आवाजाबद्दल विचारलं. म्हणाल्या, "खेळात माणसाचा आवाजच नाही दादा. इंजिन, हॉर्न, पक्षी आणि वारा. बाकी काही टाकलेलंच नाही." मग छबूबाईचं दार बदलून द्या म्हणालो, कुलूप नसलेलं लावा, मी दुसरा फोटो काढून पाठवतो. त्या म्हणाल्या, एका घरासाठी तसं करता येत नाही. आणि मग, सहज सांगावं तसं, म्हणाल्या की ते घर तसंही पुढच्या आवृत्तीत काढतोय. ज्या भिंतीला जाहिरात नाही ते घर ठेवत नाहीत. उगाच भार.

मी विचारलं, जाहिरात असली तर?

"मग राहील की. जाहिरात असेपर्यंत राहील."

ती भिंत मी सुनीलशेठच्या गळ्यात मारली. ते आधी हसले. म्हणाले, निंबाआडची भिंत कोण बघतंय? मी त्यांना कंपनीचा अहवाल दाखवला. कोणत्या भिंतीसमोर ट्रॅक्टर किती वेळ थांबतो ते त्यात असतं. छबूबाईची भिंत सगळ्यांत वर होती, दुसरी कुठली तिच्या जवळपास नव्हती. शेठनी चष्मा वर करून बघितलं. "लोक एवढा वेळ थांबतात तिथं?" मी म्हणालो, थांबतात. त्यांनी वर्षाची घेतली.

पाडव्याच्या तोंडावर माणसं ऊसतोडीवरून परत आली. चाव्या माझ्याकडं होत्या, म्हणून मी वाडीला आईच्या घरी जाऊन बसलो; एकेक जण मला भेटायला आला, डोळे पुसून चावी घेऊन गेला. सहादेवला कुलूप फोडावं लागलं. छबूबाई सगळ्यांत शेवटी आली. आईच्या आठवणीनं बराच वेळ रडली, मग पदर सारखा करून हात पुढं केला.

"चावी दे, बाबा."

मी खिशात हात घातला आणि तो तिथंच ठेवला. ती वाट बघत उभी राहिली. तिचं घर होतं, तिची चावी होती, प्रवासानं तिचे पाय सुजलेले होते. शेवटी दिली.

ती थोड्या वेळानं परत आली, हाताला धूळ लागलेली. रागानं नाही, नवलानं म्हणाली, "कडूबाईनं औंदा माजं घर झाडलं न्हाई रं. असं कदी झालं न्हवतं."

मी गाडी काढली.

आता रोजचं काम तसंच चालू आहे. सकाळी चहा उकळतो तोवर ट्रॅक्टर काढतो, भिंती बघतो, फोटो पाठवतो. छबूबाईची भिंत शेवटी ठेवतो. तिच्यावर आता सुनीलशेठच्या पाइपची निळी जाहिरात आहे, माझ्याच हातची अक्षरं. तिथं थांबून इंजिन बंद करतो आणि हॉर्न वाजवतो. निकिता तेवढ्यापुरती आतल्या खोलीत जाते.

फटीत पाय येऊन थांबतात.

"आनली का चावी?" आई विचारते.

मी हॉर्न वाजवतो. दुसरं बटण नाही.

"बरं," ती म्हणते. "मग बसते मी हितंच."